पाराकासचं वाळवंट आणि बायेस्तास बेटं

पेरूची राजधानी लिमाहून दक्षिणेला सुमारे 260 किलोमीटरवर पाराकास आहे. बसला साधारण चार तास लागतात. मुक्काम आदल्या दिवशीच इथल्या एल चाको गावी करा, कारण बेटांची बोट सकाळीच घ्यावी. दुपारी इथे वारा सुटतो, समुद्र खवळतो आणि फेऱ्या रद्द होतात.

बोट उघडी असते. फेरी सुमारे दोन तासांची. जाताना डावीकडे बसा, म्हणजे वाळूच्या उतारावर कोरलेला प्रचंड ‘कांदेलाब्रो’ (दीपवृक्षासारखी आकृती) नीट दिसतो. हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी गार, म्हणून विंडचीटर हवाच. पण याच गार पाण्यात अँचोव्ही मासे मुबलक वाढतात आणि त्यांच्यावरच बेटांवरचे समुद्रपक्षी जगतात! बेटावर उतरायला परवानगी नाही. हम्बोल्ट पेंग्विन खडकांच्या कपारींत शोधा. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्रसिंहांची पिल्लं दिसतात. टोपी घाला, वरून विष्ठा पडतेच. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्या.

परतल्यावर पाराकासच्या वाळवंटातल्या राखीव क्षेत्रात फिरा. सावली नाही, माणशी तीन लिटर पाणी न्या. प्रवेशशुल्कासाठी सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा. गाडी आखलेल्या वाटेवरच चालवा. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे चाकांचे ठसे वर्षानुवर्षं राहतात.