भंडारा-गोंदियाच्या तलावपट्ट्यात शेती घ्यायची? आधी तलाव पाहा, मग भाव विचारा

साकोली, लाखनी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, पवनी, तिकडे खाली चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड-सिंदेवाही, या पट्ट्यात शेती घ्यायची म्हणून चौकशी करणारे आता बरेच वाढलेत. नागपूरवाले तर आहेतच, पण पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेली इकडचीच पोरंही आहेत, ज्यांना बापाच्या दोन एकराला लागून अजून दोन-तीन एकर घ्यायचीय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एकरी भाव काय चाललाय. माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न हा, की या शेताला पाणी कोणत्या तलावाचं आहे आणि ते कोणत्या हक्कानं मिळतं.

कारण इकडची शेती म्हणजे धान आणि धान म्हणजे तलाव. पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, नवेगावबांधचा मोठा तलाव त्यातलाच. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांकडे आले, मग १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून आजही लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. आता ढोबळ हिशोब असा की १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याच्यावरचे जलसंपदा खात्याकडे. म्हणजे विकणारा जेव्हा म्हणतो "पाण्याची काई चिंता नाई भाऊ, तलाव बाजूलेच हाय", तेव्हा तो तलाव त्याचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो, आणि नुसता बाजूला असून काही उपयोग नाही, तुमची बांधी, म्हणजे धुऱ्यांनी (बांधांनी) घेरलेला धानाचा तुकडा, तलावाच्या खालच्या अंगाला आणि पाटावर पाहिजे.

तर शेत पाहायला जाल तेव्हा आधी तलावाच्या पाळीवर चढा. पूर्ण पाळ चालून या, एखाद्या जुन्या माणसाला सोबत घ्या. तुडुम कुठं आहे ते पाहा, म्हणजे जिथून पाणी पाटात सोडतात ते, त्याचं दार नीट उघडतं का, का कुणी पोती भरून बुजवलंय. मग सलंग पाहा, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडतं. सलंग कुणी फोडून खाली केलेला असेल तर समजा की तलावाच्या पोटात कुणाचं तरी अतिक्रमण आहे आणि त्याला आपलं पीक बुडू द्यायचं नाहीये, अशा तलावात पाणी पूर्ण भरतच नाही. पोटात बेशरमाची झुडपं किती माजलीत, गाळ किती, वरून पाणी आणणारे नाले कुठल्या रस्त्यानं नाहीतर ले-आऊटनं अडवलेत का, हे पण बघा. त्यानंतर पाटाच्या बाजूनं चालत चालत त्या शेतापर्यंत जा. तुडुमापासून तुमची बांधी कितवी लागते? पहिल्या शेतांची पाण्याची ओरड नसते, शेवटच्याची दरवर्षी असते, आणि भावात मात्र दोघांचा फरक लोक फारसा करत नाहीत. इथंच घासाघीस करायची.

केव्हा पाहायचं हे पण महत्त्वाचं आहे. पाऊस इकडे चांगला पडतो, सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ऑगस्टमध्ये कोणतंही शेत हिरवंगारच दिसणार. खरी परीक्षा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, पाऊस जातो आणि जड धान, म्हणजे जास्त दिवसांचा, निसवायला येतो तेव्हा. त्या दिवसांत तलावाचं पाणी सुटतं का, पाण्याच्या किती पाळ्या मिळतात, शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं का, हे त्या वेळी जाऊन डोळ्यांनी बघा. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये मारा, तेव्हा विहिरी-बोअरची खरी पातळी कळते आणि उन्हाळी धान घेणारे कुठून पाणी उचलतात ते पण दिसतं. एकाच फेरीत टोकन देऊन मोकळं होऊ नका.

उन्हाळ्यातच अजून एक गोष्ट होते, तलाव आटला की पोटातली काळीभोर गाळाची जमीन उघडी पडते, त्यावर लोक गाळपेर करतात, आणि नवख्या माणसाला ती जमीन दाखवून "हे पण आपल्याच ताब्यात हाय" असं सांगितलं जातं. ती सरकारी जमीन आहे, ताबा विकत घ्यायची वस्तू नाही, तिचे पैसे सौद्यात अजिबात धरू नका.

मातीबद्दल थोडं सांगतो. इकडे जमिनीला कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बर्डी अशी नावं आहेत आणि गावातला शेतकरी चार ढेकळं हातात घेऊन सांगतो कोणती आहे ती. कन्हार-मोरंड पाणी धरून ठेवतात, धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोरी, हरभरा, जवस होऊन जातो, म्हणजे तलावाला पाणी नसलं तरी दुसरं पीक मिळतं. सिहार मध्यम, धानाला चांगली. बर्डी म्हणजे लाल मुरमाड, तिथं पाणी थांबत नाही, फळझाडं-बांबू लावायचे असतील तरच घ्या. बांध्या किती आहेत आणि एकमेकींपेक्षा किती खालीवर आहेत ते मोजा, कारण ट्रॅक्टर, हार्वेस्टर बांधीत उतरायला जागा लागते आणि धुरे सपाट करायचा खर्च पुढे तुमच्याच खिशातून जातो. जमलं तर पैसे ठरवायच्या आधी माती परीक्षण करून घ्या. भंडारा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र साकोलीला आहे, गोंदियाचं हिवऱ्याला, दोन्हीकडे मार्गदर्शन मिळतं आणि तिथली माणसं गावागावाची जमीन ओळखून असतात.

आता कागद. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असणं लागतं, विदर्भात त्यासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, म्हणून तुमच्या किंवा वारसाहक्कानं आलेल्या घरच्या जमिनीचा सातबारा आधी काढून ठेवा. तोच नसेल तर बाकी सगळं पुढचं. तुकडेबंदीचंही बघा, २०२३ च्या अधिसूचनेपासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी मर्यादा आहे, त्याच्या खालचा तुकडा कुणी "ॲडजस्ट करून देतो" म्हणत असेल तर सोडून द्या. इकडे माप एकर-डिसमिलमध्ये बोलतात, १०० डिसमिलचा एक एकर, सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं, त्यामुळे हिशोब तिथल्या तिथं मांडून घ्या.

सातबारा, आठ-अ आणि जुने सगळे फेरफार काढा, निदान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या. भोगवटादार वर्ग १ असेल तर बरं, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. सामायिक खातं असेल तर बहिणींच्या सह्या लागतातच, २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि "बहिणी काही म्हणत नाहीत" हे वाक्य कोर्टात चालत नाही. इतर हक्कात "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा आहे का बघा, गोसेखुर्द धरणाच्या भागात तर नक्कीच, आणि पवनीकडे वैनगंगेच्या काठाला घेत असाल तर बुडीत क्षेत्राची रेषा कुठून जाते तेही. आदिवासी मालकाची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकारी आणि शासनाच्या मंजुरीशिवाय घेताच येत नाही. आजचा मालक आदिवासी नसला तरी मागच्या फेरफारात कुणी होता का ते तपासा, कारण असे व्यवहार नंतर उलटवून जमीन परत दिली जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे. वनहक्काचा पट्टा फक्त वारसाला जातो, विकता येत नाही. भूदानाची जमीनही तशीच.

आणि झुडपी जंगल. हा विषय पूर्व विदर्भाबाहेरच्या वकिलालाही पटकन समजत नाही. जुन्या नोंदीत हजारो हेक्टर जमीन झुडपी जंगल म्हणून लागलेली आहे, प्रत्यक्षात तिथं बांध्या असतात, घरं असतात, काही ठिकाणी शाळासुद्धा असते. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की ही जमीन वन म्हणूनच धरायची. म्हणजे गटाच्या जुन्या नोंदीत कुठंही "झुडपी जंगल" किंवा "छोटे झाड का जंगल" असं आलं असेल तर तो सौदा तिथंच थांबवा, कितीही स्वस्त मिळत असो. आजचा सातबारा पाहून हे कळेलच असं नाही, जुनी अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंदवही) आणि बंदोबस्ताचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मागवा, वेळ लागतो, पण लागू द्या.

तिथंच अजून दोन कागद मागा जे बहुतेक घेणारे मागतच नाहीत, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात गावाची गुरं चराई, जळण, बाकी वापर कुठं ते असतं, आणि वाजिब-उल-अर्जात वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा हक्क, मासेमारी असे गावाचे जुने रिवाज लिहिलेले असतात. तुमच्या शेतातून गावाची गुरं तलावावर जायची वाट असेल तर ती तिथं सापडेल, आणि तुमच्या शेतात पाणी यायचा पाट शेजाऱ्याच्या बांधीतून येत असेल तर त्याचा आधारही कदाचित तिथंच मिळेल. रस्त्याचं तोंडी काही ठरवू नका, इकडे धुऱ्यावरून चालत जाता येतं म्हणून लोक रस्ता आहे म्हणतात, पण रोवणीनंतर ट्रॅक्टर न्यायचा म्हटलं की भांडण. मोजणी सरकारी करून घ्या, शेजाऱ्यांना बोलवून, आणि हद्दीच्या खुणा पक्क्या गाडा.

इतकं सगळं नीट निघालं तर या भागासारखी धानाची साथ दुसरीकडे मिळत नाही. साकोली आणि सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाची धानाची संशोधन केंद्रं आहेत. एचएमटी हा तांदूळ तर नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधीतून निवडून काढलेला. शेत कितव्या नंबरवर आहे त्यावरून वाण ठरवा, पाटाच्या शेवटी असाल तर हलका (कमी दिवसांचा) किंवा मध्यम धान, तुडुमाजवळ असाल तरच जड. विक्रीला राइस मिल जागोजागी आहेत, आधारभूत खरेदी केंद्रंही आहेत, २०२५-२६ ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता, पण हमीभावासाठी ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीक नोंदीत) तुमच्या नावावर धानाची नोंद लागते, म्हणून खरिपाच्या तोंडावर घेत असाल तर फेरफार लवकर मंजूर करून घ्या. रोवणीला मजूर एकाच वेळी सगळ्यांना पाहिजे असतात, त्यामुळे गावातल्या बायकांच्या टोळीशी आधीच बोलून ठेवा आणि मजुरी वेळेवर द्या. बांधी सुपीक करायची असेल तर गाळमुक्त धरण योजनेत तलावाचा गाळ शेतात टाकता येतो, एकाच कामात तलाव खोल होतो आणि शेताला माती मिळते.

जंगल जवळ आहे हे धरून चाला. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, रानडुकरं धान लोळवतात, २०२२ मध्ये तर गडचिरोलीकडून हत्तींचा कळप अर्जुनी मोरगावकडे आला होता. नुकसानभरपाई मिळते पण पंचनामा लवकर व्हावा लागतो, वनखात्याच्या बीटगार्डचा नंबर जवळ ठेवा. कुंपणात वीज सोडायचा विचारसुद्धा नको, त्यात वाघही मरतो आणि माणूसही. गोंदियाकडे काही बांध्यांत सारस पक्षी घरटं करतात, तसं दिसलं तर तेवढा कोपरा फवारणी-कापणीतून सोडा आणि वनखात्याला कळवा.

रजिस्ट्री झाल्यावर पहिल्याच हंगामात तलाव ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात पाण्याचा अर्ज करा, मागची पाणीपट्टी थकलेली असेल तर ती विकणाऱ्याकडून आधीच भरून घ्या, आणि पाणी सोडायचं ठरवायला गावात बैठक बसते तिला स्वतः जा, माणूस पाठवू नका. तलावात मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर (मासेमार) बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना मासळीसाठी तळाला पाणी राहू द्यावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात तलावात परस्पर मोटर टाकायची नाही, लागलंच तर संस्थेला आणि ग्रामपंचायतीला विचारून, लेखी.