हॅमस्टरचं पिल्लू: आधी निवांतपणा, मग मोठं घर

दुकानातून घरी आलेलं हॅमस्टरचं पिल्लू बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांचं असतं. आईपासून नुकतंच तुटलेलं, डब्यात बसून प्रवास केलेलं, दुकानात दहा-वीस पिल्लांच्या गर्दीत राहिलेलं आणि आता पुन्हा एका अनोळखी जागी आलेलं. याच वयात ताण आला की आतड्याचा एक आजार उसळतो. त्याला 'वेट टेल' म्हणतात. शेपटीभोवती पातळ, घाण वासाची ओल दिसते, पिल्लू पाठ कुबड करून बसतं, खात नाही. उपचार मिळाले नाहीत तर २४ ते ४८ तासांत ते दगावू शकतं. म्हणून घर बदलण्याच्या योग्य वेळा दोनच: पिल्लू आणण्याच्या आधी, किंवा ते रुळल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी उत्साहाने नवा पिंजरा आणून त्यात पिल्लू टाकणं सगळ्यांत वाईट.

इथे मुख्यतः सिरियन हॅमस्टर धरला आहे. लांब केसांचा असेल तर दुकानदार त्यालाच 'टेडी बेअर' म्हणून विकतात. ड्वार्फ म्हणजे त्याहून लहान चणीच्या जातींसाठी जिथे मापं बदलतात तिथे तसं सांगितलं आहे.

पहिले दोन आठवडे

दुकानात मिळालेला छोटा रंगीत पिंजरा सध्या असू द्या, फक्त त्यातल्या चार गोष्टी आजच बदला. वरचा मजला आणि शिडी काढून टाका. हॅमस्टरची नजर अधू असते, उंचीचा अंदाज येत नाही, आणि १५-२० सेंटीमीटरवरून पडूनही पाय मोडू शकतो. गजांच्या फटी १ सेंटीमीटरपेक्षा रुंद असतील तर पिल्लू त्यातून सहज निसटतं, त्यामुळे बाहेरून पाव इंची लोखंडी जाळी तारेने बांधा. तळाशी जेवढं मावेल तेवढं कागदी बेडिंग, म्हणजे अंथरायचे मऊ कागदी तुकडे, भरा. चौथं म्हणजे 'घरट्याचा कापूस' म्हणून मिळणारी पांढरी गुंडाळी फेकून द्या. तिचे धागे पायाला आवळतात आणि पोटात गेले तर आतडं अडतं. त्याऐवजी बिनवासाचा टॉयलेट पेपर लांब पट्ट्या फाडून ठेवा. पिल्लू तो गालात कोंबून घेऊन जाईल आणि रात्रीत घरटं तयार करेल.

पहिले तीन-चार दिवस हात लावू नका. फक्त पाणी आणि दाणे बदला, तेही संध्याकाळी. दिवसा झोपलेल्या पिल्लाला कौतुकाने उठवलं तर ते चावेल, आणि त्यात त्याची चूक नाही. पाचव्या दिवसापासून तळहातावर भोपळ्याची एक बी ठेवून हात पिंजऱ्यात स्थिर ठेवा. बी घेऊन पळालं तरी चालेल. ते आपण होऊन हातावर चढायला लागलं की कपात बसवून बाहेर काढा आणि जमिनीवर बसूनच हाताळा. उभ्याने कधीच नाही. वरून झडप घातल्यासारखा हात नेला तर त्याला तो शिकारी पक्ष्यासारखा भासतो. बाजूने, खालून न्या.

मादी असेल तर तीन आठवडे सावध राहा. दुकानात नर-माद्या बहुधा एकत्रच असतात, मादी पाच-सहा आठवड्यांतही गाभण राहू शकते आणि सिरियनचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा. एका सकाळी बेडिंगखाली गुलाबी पिल्लं दिसली तर पिंजरा हलवू नका, साफ करू नका, पिल्लांना शिवू नका. दाणे-पाणी वाढवा आणि निदान दोन आठवडे लांब राहा. घाबरलेली आई पिल्लं खाते.

'एकटं कंटाळेल' म्हणून जोडी घेणाऱ्यांसाठी: सिरियन हॅमस्टर एकलकोंडा प्राणी आहे. भावंडंसुद्धा आठ-दहा आठवड्यांची झाली की भांडू लागतात आणि भांडण जीवावर जातं. जोडी घरात आलीच असेल तर रक्त दिसण्याची वाट न बघता आजच वेगळी करा.

खाणं

दुकानात जे देत होते तेच निदान आठवडाभर चालू ठेवा आणि नवं खाणं त्यात हळूहळू मिसळा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेलं पिल्लू त्या एकदम बंद केल्या तर उपाशी राहतं. मात्र त्याच चालू ठेवल्या तर चरबी वाढते आणि कॅल्शियम कमी पडतं.

रोज एक टेबलस्पून, म्हणजे साधारण १० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. त्यात निम्मे चांगल्या कंपनीचे हॅमस्टर पेलेट (तयार खाण्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) असावेत, कारण घरच्या मिश्रणात जीवनसत्त्वांची खात्री नसते. उरलेल्या निम्म्यात बाजरी, राळा, ज्वारी, जव, ओट्स, थोडे जवस आणि तीळ. वाढत्या पिल्लाला प्रथिनं जास्त लागतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग द्या. भाजी पहिल्या आठवड्यात देऊ नका. नंतर नखाएवढी काकडी, गाजर किंवा कोथिंबिरीचं पान द्या, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या घट्ट असतील तरच पुढे चालू ठेवा. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चॉकलेट आणि सफरचंदाच्या बिया पूर्ण वर्ज्य.

दाणे वाटीत देण्याऐवजी बेडिंगवर विखरून टाका. हॅमस्टरचं सारं आयुष्य दाणे शोधून साठवण्यात जातं. वाटी दिली की ते काम दोन मिनिटांत संपतं. पाण्याच्या बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी रोज बोटाने दाबून बघा. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि पिल्लू तहानलेलं राहतं. सोबत पाण्याची एक उथळ, जड वाटी ठेवली तर ही चिंताच राहत नाही.

मोठं घर: लांबी-रुंदी आणि त्याहून खोली

आज घरोघरी असलेले बहुतेक सिरियन हॅमस्टर १९३० साली सिरियातल्या अलेप्पोजवळ शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. त्या परिसरातली जंगली हॅमस्टरची बिळं मोजली तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटीमीटर खोल निघाली. हा जमिनीखालचा प्राणी आहे, आणि आपण त्याला वर चढायच्या नळ्या देतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोल बेडिंगवर ठेवलं होतं. गज कुरतडणं १० सेंटीमीटरवाल्यांत सर्वांत जास्त होतं आणि ८० सेंटीमीटरवाल्यांत ते अजिबात दिसलं नाही. रात्रभर गज चावणाऱ्या पिल्लाला लोक खोडकर ठरवतात. त्याला खरं तर खणायला जागा नसते.

म्हणून घराचा तळ कमीत कमी १०० बाय ५० सेंटीमीटर आणि उंची निदान ५० सेंटीमीटर धरा. 'पिल्लू लहान आहे, मोठं झालं की बघू' हा हिशोब चुकतो, कारण दोन-अडीच वर्षांच्या आयुष्यात वाढीचे महिने दोन-तीनच असतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माशांच्या दुकानातून जुनी, गळकी काचेची टाकी घेणं. पाणी भरायचं नसल्याने गळकी चालते आणि स्वस्त पडते. चार फूट बाय दोन फूट मिळाली तर उत्तम. काचेला तडे नाहीत ना आणि कडा धारदार नाहीत ना, हे बोट फिरवून नव्हे तर कापड फिरवून तपासा. जुनी शोकेस आडवी ठेवूनही चांगलं घर होतं, पण ताजं पॉलिश किंवा रंग असेल तर महिनाभर उघड्यावर वारं लागू द्या. झाकणासाठी लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिला पाव इंची वेल्डेड लोखंडी जाळी ठोका. डासांची प्लॅस्टिक जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. झाकणाला दोन बाजूंना कडी लावा. घरात मांजर असेल तर कडी हवीच.

बेडिंग कागदी किंवा अॅस्पेन लाकडाच्या कपच्यांचं घ्या. वखारीतला भुसा नको: त्यात बारीक धूळ असते आणि प्लायवूडचा डिंकही असू शकतो. नाकाला झोंबणाऱ्या देवदार-चीडच्या कपच्यांनी श्वासाचा त्रास होतो. मक्याच्या कणसांचे दाणेदार तुकडे आपल्याकडे सर्रास विकले जातात, पण त्यात बीळ टिकत नाही आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.

खोली एका बाजूला ३० सेंटीमीटर आणि उतरत दुसरीकडे १५ ठेवा. १०० बाय ५० च्या टाकीला सरासरी २२ सेंटीमीटर म्हटलं तरी ११० लिटर बेडिंग लागतं, आणि दाबल्यावर ते बसतं म्हणून दीडपट आणा. नुसतं ओतलं तर बीळ ढासळतं. चार बोटं बेडिंग घाला, तळव्याने घट्ट दाबा, वर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्या, पुन्हा बेडिंग, पुन्हा दाबा. गवताच्या काड्या बोगद्याला आढ्यासारखा आधार देतात. नीट दाबलेल्या बेडिंगमध्ये दोन बोटांनी भोक पाडलं तर ते तसंच उभं राहतं; तसं राहिलं नाही तर अजून दाबा.

जड वस्तू बेडिंगवर थेट कधीही ठेवू नका. खाली बीळ खणलं गेलं की चाक किंवा मातीचं भांडं खचतं आणि पिल्लू त्याखाली दबतं. चार लाकडी पाय लावलेला पाट करा, पाय थेट टाकीच्या तळाला टेकवा, आणि चाक, वाळूचा ट्रे, पाण्याची वाटी अशा पाटांवर मांडा. इतक्या छोट्या वाटणाऱ्या चुकीने बरेच हॅमस्टर जातात.

चाक सिरियनला २८ सेंटीमीटर व्यासाचं, ड्वार्फला २० सेंटीमीटरचं. धावताना पाठ सरळ दिसली पाहिजे. वर वाकत असेल तर चाक लहान आहे. पळण्याचा पृष्ठभाग सलग हवा, कारण तारेच्या पायऱ्यांत पाय अडकून मोडतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा चेंडू मात्र घेऊच नका: आत हवा कमी, बाहेर पडायची सोय नाही, आणि फटीत नखं अडकतात.

लपायला निदान तीन जागा हव्यात. जोड्याचं खोकं झाकण काढून उपडं ठेवलं तरी चालतं. दार ७ सेंटीमीटर ठेवा, गाल भरलेले असताना आत शिरता आलं पाहिजे. नारळाची करवंटी ड्वार्फला शोभते, वाढलेला सिरियन तीत अडकेल. कुरतडायला पेरूची वाळलेली फांदी छान.

वाळूच्या अंघोळीसाठी बाजारात मिळणारी बारीक पावडर फुफ्फुसांत जाते, ती नको. नदीची वाळू पाणी निवळेपर्यंत धुवा, वाळवा, खडे चाळून काढा, मग मैद्याच्या चाळणीतून खाली पडणारी धूळ टाकून द्या आणि उरलेली वाळू लोखंडी कढईत वीसेक मिनिटं भाजून पूर्ण थंड करा. वीस बाय तीस सेंटीमीटरच्या ट्रेत तीन-चार सेंटीमीटर पुरे. बरेच हॅमस्टर तिथेच लघवी करू लागतात आणि सफाई अर्धी होते.

नव्या घरात नेताना

संध्याकाळी पिल्लू आपण होऊन उठल्यावरच हलवा. जुनं घरटं आख्खं, साठवलेले दाणे आणि दोन-तीन ओंजळी जुनं बेडिंग नव्या घराच्या खोल बाजूला ठेवा. हॅमस्टर वासावरून जागा ओळखतो. नुसत्या स्वच्छ टाकीत सोडलं तर तो रात्रभर काचेच्या कडेने सैरावैरा धावतो. वास घालूनही पहिली एक-दोन रात्री थोडं धावेल, ते चालतं. तिसऱ्या रात्रीनंतरही थांबत नसेल तर उघडी जागा जास्त झाली आहे, लपायच्या जागा वाढवा. दोन-तीन दिवस पुन्हा हात लावू नका. पिल्लू दिसेनासं झालं तर उकरून काढू नका. ते खाली आहे आणि सुखात आहे.

सफाईतही हेच धोरण. लघवीचा कोपरा रोज काढा, बाकी तीन-चार आठवड्यांनी एक तृतीयांशच बदला. दर रविवारी सगळं रिकामं करून धुतलं तर त्याचं घर दर रविवारी मोडतं.

उन्हाळा, मुंग्या आणि औषधं

हॅमस्टरला २० ते २४ अंश मानवतं, ३० च्या वर धोका सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे खरी परीक्षा. टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, खिडकीपासून लांब, खालच्या बाजूला ठेवा. आत एक फरशीचा तुकडा ठेवा, आणि काचेच्या बाहेरून कापडात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली टेकवा. कूलरचा झोत थेट नको. पिल्लू पोट टेकवून सपाट पसरलं, लाळ गळू लागली, चालताना लटपटलं तर थंड खोलीत न्या, कान आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा (बर्फाने नाही) आणि डॉक्टरांकडे निघा.

साठवलेल्या दाण्यांना मुंग्या येणारच. टेबलाचे पाय, पूर्वी दुधाच्या कपाटाला ठेवत तसे, पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मारायचा खडू, डांबरगोळ्या, डासांची कॉइल यांपैकी काहीही त्या खोलीत नको.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. मोठा सिरियन साधारण १०० ते १५० ग्रॅमचा होतो. वाढत्या वयात वजन घटलं तर ती पहिली धोक्याची खूण. कमरेच्या दोन्ही बाजूंचे काळपट ठिपके मात्र जखमा नसून गंधग्रंथी असतात, त्यांना मलम लावू नका.

छोट्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधून त्यांचा नंबर पिल्लू आणण्याआधीच लिहून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक पाव गोळीसुद्धा देऊ नका. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि औषधानेच जीव जातो. शेपटी ओली दिसली तर सकाळची वाट बघू नका. वाटेत पिल्लू हवेच्या भोकांच्या डब्यात, स्वतःच्या घरट्याच्या कागदात गुंडाळून न्या.