आयट्यून्समधल्या गाण्यापुढे उद्गारचिन्ह आलं तर

विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये गाण्याच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिसलं की बरेच जण ते गाणं काढून टाकतात आणि फाइल पुन्हा घालतात. तसं करू नका. प्लेलिस्टमधली जागा, दिलेले तारे, किती वेळा ऐकलं याची नोंद, सगळं त्याबरोबर जातं. गाणं बहुतेक वेळा डिस्कवर असतंच. आयट्यून्स फक्त फाइलचा पत्ता लिहून ठेवतं आणि तो पत्ता चुकलेला असतो.

आधी जुना पत्ता बघा. फाइल मेनूतल्या लायब्ररीत जाऊन ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’ करा, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि गाण्याचं नाव शोधा. त्याच नोंदीत खाली ‘लोकेशन’ची ओळ सापडेल. तिथे मोकळ्या जागेऐवजी %20 दिसतं, त्याने गोंधळू नका.

पत्ता बाहेरच्या हार्डडिस्कचा असेल तर ड्राइव्हचं अक्षर बदललंय का ते पाहा. मधे पेनड्राइव्ह लावला, त्याने ‘ई’ घेतलं आणि हार्डडिस्क ‘एफ’ झाली, की एका फटक्यात सगळी गाणी हरवतात. आयट्यून्स बंद करा, पेनड्राइव्ह काढा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, हार्डडिस्कच्या भागावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून जुनं अक्षर परत द्या. ‘सी’ला मात्र हात लावू नका.

फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं असेल तर तो पूर्वीसारखा करणं सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर गाण्यावर डबल क्लिक करा, ‘लोकेट’ निवडा आणि फाइल दाखवा. मग बाकीची हरवलेली गाणीही याच जागेवरून शोधू का, असं विचारलं तर होकार द्या. फाइलींची नावंच बदलली असतील तर मात्र एकेक गाणं दाखवत बसावं लागतं.

खूण तशीच राहिली तरी गाणं वाजवून बघा. वाजलं की ती जाते.

सगळं जुळलं की फाइल मेनूतल्या त्याच लायब्ररीत जाऊन ‘ऑर्गनाइज लायब्ररी’मधून ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ करा, म्हणजे विखुरलेली गाणी एका फोल्डरात येतात. इथे फाइली हलत नाहीत, त्यांची प्रत होते, त्यामुळे जागा आधी मोजा: 256 केबीपीएसचं (सेकंदाला 256 किलोबिट) पाच मिनिटांचं गाणं साधारण 10 एमबी, म्हणजे हजार गाण्यांना 10 जीबी. जुन्या फाइली लगेच पुसू नका. नव्या जागेवरून गाणी नीट वाजतात, याची आधी खात्री करा.