टॉगॅनॉकला जाताय? आधी पाण्याचा अंदाज घ्या

न्यूयॉर्क राज्यात, इथाकाजवळच्या टॉगॅनॉक फॉल्स स्टेट पार्कमधला धबधबा 215 फुटांचा, नायगाराहून 33 फूट उंच. पण नुसत्या उंचीच्या आकड्यावर भुलू नका. ऑगस्टअखेर कोरडं पडलं की त्याची बारीक धार उरते, आणि फोटो बघून आलेली मंडळी हिरमुसतात. बर्फ वितळतानाचा वसंत किंवा दणकून पाऊस पडून गेल्यावरचा एखादा दिवस गाठा.

दरीतून पायथ्याकडे जाणारी गॉर्ज ट्रेल ही पायवाट जेमतेम पाऊण मैलाची आणि बहुतांश सपाट आहे, आजी-आजोबांनाही जमेल. शेवटी तुषार अंगावर येतात, त्यामुळे चष्मा पुसायला कोरडा रुमाल खिशात हवाच. चालायचं नसेल, तर वरच्या रस्त्यालगतच्या ओव्हरलुकवरून धबधबा समोर दिसतो. मी मात्र दोन्ही करीन. खालून मान वर करून बघण्याची गंमत वेगळीच.

कड्याच्या अगदी बुडाशी थांबू नका, वरून दगड निसटतात. ओढ्यात डुंबायलाही मनाई आहे. पोहायचंच असेल तर पार्कचा किनारा कायुगा तलावाला लागून आहे. मात्र तिथेही जीवरक्षक हजर असतानाच उतरता येतं. हिवाळ्यात दरीच्या काठावरच्या वाटा बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी पार्कची ताजी सूचना बघा.