शाळेच्या छतावर सौर प्रकल्प: आधी सुट्ट्या मोजा

काम सुरू होतं ते मागची बारा वीजबिलं आणि शाळेचं वार्षिक वेळापत्रक शेजारी ठेवून. छताची मापं नंतर. शाळेचं वीजवापराचं गणित कारखान्यासारखं नसतं: ऊन भरपूर असतं तेव्हाच कधी कधी इमारत महिनाभर बंद असते.

समजा, भरल्या शाळेत रोज १२० युनिट जातात. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतात. मग १२० भागिले ४, म्हणजे ३० किलोवॉट, असा प्रस्ताव हमखास येतो. पण शाळा भरते २२० दिवस. उरलेल्या १४५ दिवसांत कार्यालय, पंप आणि बाहेरचे दिवे मिळून १५ युनिट धरा. वर्षाची गरज होते २८,५७५ युनिट आणि ३० किलोवॉट देणार ४३,८००. इथे २० किलोवॉट पुरतात. तेही वीज कंपनी जादा युनिट वर्षअखेरपर्यंत पुढे ओढत असेल तरच. हिशोब दर महिन्याला मिटत असेल किंवा परत दिलेल्या विजेला कमी दर मिळत असेल, तर आकार आणखी खाली आणावा. वीज कंपनीकडे जोडणीचा अर्ज याच टप्प्यावर टाका. पॅनेल महिन्याभरात चढतात, मंजुरी आणि मीटर मात्र बरेचदा त्याहून जास्त वेळ खातात.

आता छत. सपाट स्लॅबवर रांगांमधलं अंतर धरून १ किलोवॉटला ८ ते १० चौरस मीटर जागा लागते. सांगाड्यासह वजन चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो भरतं. छत न भोकता काँक्रीटचे ठोकळे ठेवून सांगाडा दाबायचा असेल, तर बरंच जास्त. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा अहवाल हवाच, ‘इमारत मजबूत आहे’ एवढं तोंडी आश्वासन चालत नाही. वॉटरप्रूफिंग दहा वर्षांपूर्वीचं असेल तर ते आधी नवं करून घ्या. पॅनेल २५ वर्षं राहतात. मधेच छत गळलं तर सगळा सांगाडा उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च अंगावर येतो. गळती बहुतेक वेळा बोल्टच्या भोकातूनच सुरू होते: भोकातली धूळ फुंकून न काढता केमिकल भरलं, की ते काँक्रीटला धरत नाही.

सावली वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाची बघायची, सकाळी ९ ते दुपारी ३. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा आणि अजून वाढणारं झाड, सगळं त्यात धरा. छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे पॅनेल रेटू नयेत. रांगांमध्ये माणूस बादली घेऊन चालू शकेल एवढी वाट आणि वर एक नळ हवा. हे नकाशात राहून गेलं की सफाई कायमची राहते.

स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचं, गणित ठेकेदाराकडून कागदावर मागा. उदाहरणार्थ, पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (भार जोडलेला नसतानाचं) २५ अंशांना ४९.८ आहे आणि तापमान अंशाने घटलं की ते ०.२७ टक्के वाढतं. थंडीत पहाटे ५ अंश होत असतील तर ते ५२.५ व्होल्टपर्यंत जातं. १००० व्होल्टची मर्यादा असलेल्या इन्व्हर्टरवर (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) असे १९ पॅनेल लावले तर बेरीज ९९७, अगदी काठावर. १८ लावावेत. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाजू एकमेकांत बसतात, ‘टक’ आवाजही येतो, पण संपर्क पूर्ण होत नाही. सांधा तापतो आणि कधीतरी पेटतो. अर्ध्याहून जास्त ‘अचानक’ बिघाड असल्या स्वस्त जोडणीतूनच येतात, असं आमचं मत.

इन्व्हर्टर वर्गाच्या भिंतीवर नको, मुलांचा हात पोचेल तिथेही नको. हवा खेळती असलेली कुलूपबंद जागा निवडा. दिवसा स्विच पाडला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या डीसी तारांत शेकडो व्होल्ट राहतात, म्हणून छताच्या जिन्याला कुलूप आणि फलक दोन्ही लावा. आणखी एक गोष्ट शाळा समितीला आधीच सांगून ठेवावी: साधा ग्रिड-टाय (वीज कंपनीच्या तारेला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, तारेवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी. लाइट गेल्यावरही संगणक कक्ष चालवायचा असेल तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर वेगळा धरावा लागतो.

ताबा घेताना प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज, ध्रुवता (अधिक-उणे टोकं), इन्सुलेशन (किमान १ मेगाओहम) आणि अर्थिंगचं माप लिहून घ्या. पॅनेलच्या अनुक्रमांकांची यादी आणि मॉनिटरिंगचा पासवर्डही. खातं शाळेच्या ईमेलवर उघडलेलं असावं. ठेकेदाराच्या किंवा मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक ईमेलवर असेल, तर एका बदलीनंतर प्रकल्पाकडे बघणारं कुणी उरत नाही. शेवटचा १० टक्के हप्ता ठरलेले युनिट पडल्याशिवाय सोडू नये.

चालू झाल्यावर दोन तक्रारी नेमक्या शाळांतच जास्त दिसतात. पहिली: रविवारी कडक ऊन, तरी दुपारी उत्पादन शून्य. इमारतीत भार नसतो, सगळी वीज बाहेर जायला बघते, तारेवरचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. लॉगमध्ये ‘ओव्हर व्होल्टेज’ दिसलं की इन्व्हर्टर बदलायला धावू नका. इन्व्हर्टर ते इमारतीचा मुख्य वीज बोर्ड ही केबल बारीक आहे का ते तपासा, मग वीज कंपनीला ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बघायला सांगा. दुसरी: युनिट घटले पण पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या एकूण विजेत कामाच्या विजेचं प्रमाण) दंड सुरू झाला. पंखे-पंपांची रिअॅक्टिव्ह (मोटरच्या चुंबकत्वासाठीची, प्रत्यक्ष काम न करणारी) मागणी तेवढीच राहते, ग्रिडमधून येणारी कामाची वीज मात्र कमी होते, म्हणून गुणोत्तर बिघडतं. बहुतेक इन्व्हर्टरच्या सेटिंगमधूनच हे सुधारता येतं, नाहीतर ही रिअॅक्टिव्ह मागणी जागेवरच भागवणारी कॅपॅसिटर बँक बसवावी.

सफाई पहाटे किंवा संध्याकाळी, साध्या मऊ पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. लांब सुट्टीत आठवड्यातून एकदा उत्पादन बघण्याचं काम नाव घालून एकाकडे द्या, आणि १० ते १५ वर्षांनी येणाऱ्या इन्व्हर्टर बदलाचे पैसे वाचलेल्या बिलातून पहिल्या वर्षापासून बाजूला काढा.