रिट्रान्सफर प्रिंटरवर कार्डाची कड कोरी राहते: माझा अनुभव

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं ओळखपत्रं छापायचं दुकान आहे. प्रिंटर रिट्रान्सफर प्रकारचा: चित्र आधी पारदर्शक फिल्मवर छापतो, मग गरम रोलरने ते कार्डावर चिकटवतो. डिसेंबरात सकाळची पहिली वीसेक कार्डं बिघडायची: मागच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर पट्टी कोरी, नखाने फिल्मही सुटायची. दुपारी सगळं ठीक. रिबन बदलली, फिल्मचा नवा रोल लावला, हेड पुसलं, फरक शून्य. शाळेची चारशे कार्डं अडलेली. डोकं फिरायची वेळ आली.

मग वापरलेली फिल्म उजेडात धरली. कोऱ्या पट्टीचा रंग तिच्यावरच राहिला होता. म्हणजे हेडने फिल्मवर उलटं चित्र नीट छापलं होतं. ते कार्डावर चिकटवणारा गरम रोलर कमी पडत होता. कार्डं रात्रभर लोखंडी कपाटात गारठायची. (निफाडची थंडी इथेही पोचतेच.)

उपाय याच क्रमाने करा. आदल्या रात्री कार्डं कपाटाबाहेर, खोक्यातच ठेवा. सकाळी प्रिंटर सुरू करून अर्धा तास थांबा. क्लीनिंग कार्ड (आतले रोलर पुसणारं चिकट कार्ड) फिरवा. मग सेटिंगमध्ये आधी ट्रान्सफरचा वेग एक पायरी कमी करा. तेवढ्याने भागलं नाही, तरच तापमान ५ अंशांनी वाढवा. एकदम वाढवलं तर पीव्हीसी कार्ड वाकतं. दर बदलानंतर एकच कार्ड छापा, थंड होऊ द्या, कडेला सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. टेपला रंग लागला नाही, तर पूर्ण लॉट छापायला घ्या.

माझं काम वेग कमी करूनच झालं. कार्डामागे काही सेकंद जास्त जातात, जाऊ देत.