माकुलासाठी जिगचा रंग आणि आमिष कसं निवडावं

माकूल (स्क्विड) धरायला वापरतात त्या नकली आमिषाला जिग म्हणतात. डब्यात असे वीस जिग असले तरी किनाऱ्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न एकच असतो: आज कोणता रंग लावू? हाच प्रश्न जरा वेगळा विचारून पाहा. आज पाण्यात उजेड किती आहे, आणि त्या उजेडात जिग खालून कसा दिसेल? एवढं ठरलं की डब्यातले अर्धेअधिक जिग आपोआप बाजूला पडतात.

याचं कारण माकुलाच्या डोळ्यात आहे. बहुतेक जातींच्या माकुलांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारं एकच रंगद्रव्य असतं, आणि ते निळ्या-हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं. त्यामुळे गुलाबी की नारिंगी, हा फरक आपल्याला दिसतो तसा त्यांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते उजळ-काळं, आणि आजूबाजूच्या पाण्यावर उठून दिसणारी आकृती. शिवाय प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेने थरथरतात ते, त्यांना ओळखता येतं, म्हणून आपल्या नजरेतून सुटणारं पारदर्शक भक्ष्यही त्यांना सापडतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषून घेतं. थोडं खोल गेलं की लाल जिग काळपट दिसायला लागतो. म्हणून लाल जिग निकामी ठरत नाही, उलट रात्री त्याचा उपयोग वाढतो. वरच्या अंधूक उजेडावर काळी ठसठशीत आकृती उमटते, आणि खालून वर पाहणाऱ्या माकुलाला तेवढं पुरतं.

आधी पोट, मग पाठ

कोळंबीच्या आकाराच्या जिगवर दोन थर असतात. आत चकचकीत किंवा रंगीत टेप आणि वर विणलेलं कापड. कापड विरळ असल्यामुळे आतली टेप झिरपून दिसते, पोटाकडे जास्तच. दुकानात नजर पाठीवरच्या कापडावर जाते, पण निवड टेपपासून सुरू करावी.

नितळ पाणी आणि स्वच्छ ऊन असेल तर चंदेरी टेप. लहान मासा वळताना अंग चमकवतो, तशी तिची चमक असते. पहाटे, संध्याकाळी, किंवा पाणी थोडं गढूळ असताना सोनेरी. अंधार पडल्यावर, ढगाळ संध्याकाळी आणि पावसानंतरच्या मातकट पाण्यात लाल. इंद्रधनुषी टेप मधल्या सगळ्या वेळांना चालते. उजेड सतत बदलत असेल तर तीच लावून ठेवावी. केइमुरा या जपानी नावाने मिळणारे जिग अतिनील किरणांत निळसर-जांभळे उजळतात. ते दिवसाचे, विशेषतः ढगाळ दिवसाचे. रात्री अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे त्यांचा हा गुण तेव्हा वाया जातो.

अंधारात चमकणाऱ्या, म्हणजे ग्लो जिगबद्दल जरा सावध राहा. त्याला टॉर्चचा उजेड पाच-दहा सेकंद दाखवला की पुरे. खोल किंवा गढूळ पाण्यात हे उत्तम काम करतं. पण उथळ, नितळ पाण्यात आणि चांदण्या रात्री लखलखणारा जिग बघून माकूल जवळ येतं आणि मागे फिरतं. तेव्हा चमक थोडी विझू द्यावी, किंवा लाल टेपचा जिग लावावा.

पाठीचं कापड त्यानंतर. ऑलिव्ह, तपकिरी, निळा हे रंग नितळ पाण्यात आणि जिथे खूप गळ पडतात अशा जागी बरे. नारिंगी आणि गुलाबी यांचा मोठा फायदा मासेमाराला होतो. उथळ पाण्यात जिग कुठे आहे आणि त्याच्या मागे सावली येतेय का, हे दिसत राहतं. सुरुवातीला तीनच जिग घ्यायचे असतील तर सोनेरी पोट-नारिंगी पाठ, लाल पोट-जांभळी पाठ आणि चंदेरी पोट-ऑलिव्ह पाठ हे घ्या. एकाच रंगाच्या सहा छटा घेण्यापेक्षा हे तीन जास्त कामाचे.

फेकण्याआधी प्रत्येक जिग पायाशी, हातभर पाण्यात सोडून बघा. नाक खाली, शेपूट वर असा तिरका, न गिरकता तो खाली जायला हवा. गिरकत असेल तर रंग कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. शिसं वाकलंय का, कापड फाटलंय का, पुढची क्लिप गरजेपेक्षा जड आहे का, हे तपासा.

आकार आणि बुडण्याचा वेग

रंगावर जेवढा विचार होतो त्याच्या निम्मासुद्धा बुडण्याच्या वेगावर होत नाही, आणि रिकाम्या हाताने परतण्याचं ते मोठं कारण आहे. माकूल बहुतेक वेळा जिग खाली पडत असताना धरतं. जिगचा नंबर साधारण असा: 2.5 म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास, 3 म्हणजे 15 ग्रॅम, 3.5 म्हणजे 20 ग्रॅम. नेहमीचा जिग एक मीटर बुडायला तीन-साडेतीन सेकंद घेतो. उथळ पाण्यासाठीचा पाच-सहा किंवा जास्त. म्हणजे पाच मीटर पाण्यात नेहमीचा जिग तळाला पोचायला पंधरा-सतरा सेकंद लागतील. ते मोजा. पुढच्या वेळी दोन सेकंद आधी थांबा, म्हणजे तळातल्या शेवाळात जिग अडकणार नाही.

मग रॉडला दोन झटके वर, आणि दोरा किंचित ताठ ठेवून जिग पडू द्या. पडता पडता दोरा मध्येच थांबला, बाजूला सरकला किंवा एकदम सैल झाला, तर माकूल आलंय. झटका मारायचा, पण बेताने. पातळ ब्रेडेड लाइन, 0.6 ते 0.8 नंबर, आणि पुढे, जिगच्या बाजूला, मीटर-दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा दोरा, पुरतो. जाड लीडरने जिग हळू बुडतो आणि त्याची चाल मंदावते.

दहा-पंधरा फेकींत काही झालं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी खोली, मग पोटाची टेप, मग आकार, पाठीचा रंग सगळ्यात शेवटी. माकूल मागे येऊन परत जात असेल तर एक नंबर लहान आणि फिका जिग लावा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

खरं आमिष

पाणी फार गढूळ असेल किंवा माकुलं सुस्त असतील तर खऱ्या माशाला तोड नाही. तारली, बोय, मुडदुशी, टोळ यांपैकी 10 ते 15 सेंटिमीटरचा ताजा मासा सुळ्यावर, म्हणजे आमिष ओवायच्या टोकदार काडीवर, ओवायचा. सुळ्याच्या तळाशी आकड्यांचं कडं असतं. माकूल माशाला बहुधा मानेशी चावतं, म्हणून डोकं कड्याच्या बाजूला ठेवा. आमिष वर आल्यावर मानेवर चोचीने कोरलेला खळगा दिसला, पण माकूल लागलं नाही, तर मासा कड्यापासून लांब पडतोय. छोटा मासा घ्या, किंवा शेपूट कापून टाका.

तारलीला तेल आणि वास भरपूर, पण ती मऊ असते. फेकताना तुटते, म्हणून लवचीक दोऱ्याने सात-आठ वेढे घाला. आमिष बांधायच्या जिगवर कोंबडीच्या छातीची 5-6 सेंटिमीटर लांब, बोटभर रुंद पट्टी चांगली टिकते. आदल्या रात्री मीठ लावून ठेवली तर आणखी घट्ट होते. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी बसवा, नाहीतर जिग गिरकतो आणि दोऱ्याला पीळ बसतो.

फ्लोटखाली आमिष दीड-दोन मीटरवर सोडून सुरुवात करा, आणि धक्क्यावर दिवा असेल तर उजेड-सावलीच्या सीमेवर टाका. फ्लोट बुडाला की झटका नको. पाच-दहा सेकंद जाऊ द्या, मग एकसारखं सावकाश उचला. या आकड्यांना टोकाशी उलटा काटा नसतो. दोरा क्षणभर सैल पडला तरी माकूल सुटतं. आकड्यावर माकुलाचा नुसता हात तुटून आला तर रीलचा ड्रॅग, म्हणजे ताण पडल्यावर दोरा सोडणारा ब्रेक, जास्त घट्ट आहे. जाळं माकुलाच्या शेपटीमागे धरा, कारण ते उलटं, मागे झेप घेतं आणि थेट जाळ्यात शिरतं. शाईची नळी आपल्यापासून दुसरीकडे वळलेली असू द्या.

शाई लागलेला जिग लगेच धुवा. घरी गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा, ओला डब्यात बंद करू नका. आणि प्रत्येक आकडा अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहा. रुतला तर ठीक, घसरला तर घासून धार करा.